मागच्याचा दिवा

गेल्या रविवारी दुपारभर मी गाडीच्या मागच्या बंपरखाली सतरंजी टाकून उताणा पडलो होतो. पंजाबातल्या जानेवारीत ऊन बाराच्या पुढे कधीतरी येतं आणि चारला निघून जातं, म्हणजे कामाला जेमतेम चार तास. शेजारच्या क्वार्टरमधले कर्नलसाहेब फिरायला निघाले होते, ते थांबले. काय चाललंय, म्हणाले. ट्रेलरला दिवे लावतोय, असं मी खालूनच सांगितलं. "दिवसाच जाणार आहेस ना? मागे एक लाल फडकं बांध आणि नीघ," असा सल्ला देऊन ते पुढे गेले. माणूस भला आहे, आणि सल्ला म्हणाल तर निम्मा भारत तोच पाळतो. मला तो का पटत नाही ते सांगतो.

आधी ट्रेलर कुठून आला ते. देवळालीच्या बदलीचा कागद हातात पडलाय. काळ्या ट्रंका, फ्रीज, पलंग हे सगळं ट्रकने जाईल. इतक्या वर्षांत आमच्या घरी ते पॅकिंग डोळे मिटून होतं. माझी जुनी मोटरसायकल मात्र मी ट्रकमध्ये टाकत नाही. एकदा टाकली होती, तिची टाकी चेपून आली. तेव्हापासून तिच्यासाठी एक छोटा दोन चाकांचा ट्रेलर ठेवलाय, एका निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याकडून रीतसर कागदपत्रांसह घेतलेला. गेली दोन वर्षं तो गॅरेजमागे उभा होता, आणि त्या दोन वर्षांत उंदरांनी त्याचं सगळं वायरिंग खाऊन टाकलं. गाडीही मधल्या काळात बदलली. त्यामुळे सॉकेटपासून टोकाच्या बल्बपर्यंत सगळं नव्याने करायचं होतं.

फिरोजपूर ते देवळाली सुमारे दीड हजार किलोमीटर. दिवसाच जायचं ठरवलं तरी एखादं पंक्चर, एखादा रास्ता रोको, सकाळचं धुकं, आणि संध्याकाळचे सात रस्त्यातच वाजतात. त्यात ट्रेलरवर मोटरसायकल उभी केली की माझ्या गाडीचे स्वतःचे मागचे दिवे अर्धे झाकले जातात. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की ट्रेलर म्हणजे गाडीला बांधलेलं सामान. १९८८ चा मोटार वाहन कायदा तसं मानत नाही. 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच त्याने ट्रेलर धरलाय. स्वतःचं इंजिन नसलेली, पण कायद्याच्या लेखी पूर्ण गाडी.

सदर बाजारातला इलेक्ट्रिशियन चांगला कारागीर आहे. त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बीस मिनट का काम है, साहब." त्याची रीत अशी: गाडीच्या मागच्या दिव्यांच्या तारा मधेच सोलायच्या, ट्रेलरच्या तारा त्यांना पीळ देऊन जोडायच्या, वरून काळी टेप. जुन्या गाड्यांत हे चालायचं, मीही केलंय. त्या गाड्यांत ब्रेकचं स्विच दाबलं की बॅटरीची वीज फ्यूजमधून सरळ बल्बला जायची. आजच्या गाड्यांत बहुधा मधे एक छोटा कॉम्प्युटर बसलेला असतो, आणि कोणता दिवा किती करंट ओढतोय यावर त्याची नजर असते. ब्रेकचा एकवीस वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. ट्रेलरचे दोन जोडले की साडेतीन अँपिअर जादा. कॉम्प्युटरला वाटतं कुठेतरी शॉर्ट झालंय, आणि तो ती लाइनच बंद करू शकतो. म्हणजे ट्रेलरचा दिवा लावायला जावं आणि गाडीचाही घालवून बसावं. शिवाय काही गाड्यांत टेललाइट मंद ठेवण्यासाठी वीज सलग न देता ठोक्याठोक्याने देतात. त्या तारेला साधी जोडणी केली की नुसता दिवा नाही, तर इतरही गोष्टी विचित्र वागायला लागतात.

म्हणून मधे एक मॉड्यूल लागतं. गाडीच्या तारांकडून ते फक्त इशारा घेतं, की आता ब्रेक दाबला, आता डावा इंडिकेटर चालू झाला. दिवे पेटवायची वीज त्याला बॅटरीकडून वेगळ्या तारेने द्यायची. त्या तारेचा फ्यूज बॅटरीजवळच बसवायचा, मागे ट्रेलरजवळ नाही. तार मधेच कुठे घासून पत्र्याला लागली तर पेट घेईल ती त्या मधल्या तीन-चार मीटरमध्येच. इंटरनेटवर जे किट आणि व्हिडिओ दिसतात त्यातले पुष्कळसे अमेरिकेतले असतात. तिकडे बऱ्याच ट्रेलरना चारच तारा असतात आणि ब्रेक व इंडिकेटर एकाच लाल बल्बवर चालतात. आपले इंडिकेटर पिवळे आणि वेगळे. ते किट आणून इथे बसवायला गेलात तर एक रविवार वाया.

सात पिनांच्या सॉकेटचं एक आंतरराष्ट्रीय कोष्टक आहे, आणि त्यात आपल्याकडच्या हाताला एक सापळा आहे. आपल्याकडे कुठलाही मिस्त्री काळी तार बघितली की तिला अर्थ समजतो. या कोष्टकात अर्थ पांढरी असते, तीन नंबरच्या पिनेवर. काळी म्हणजे डावा टेललाइट, सात नंबर. उजवा टेललाइट तपकिरी, ब्रेक लाल, डावा इंडिकेटर पिवळा, उजवा हिरवा, निळी मागच्या फॉगलाइटची. काळीला अर्थ समजून चासीला कसलीत की टेललाइट लावताक्षणी फ्यूज उडतो. मग मिस्त्री काय करतो? मोठा फ्यूज टाकतो. पुढचं सांगायला नको.

पाच वाजता अंधारायला लागलं तेव्हा चाचणी घेतली. मी ड्रायव्हरच्या सीटवर, तेरा वर्षांची मुलगी मागे टॉर्च घेऊन. टेल? आहे. डावा? आहे. उजवा? आहे. ब्रेक? जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "बाबा, ब्रेक लागतोय, पण पिवळे पण थोडे थोडे लागतायत." ट्रेलरच्या वायरिंगमधला हा सगळ्यात जुना आजार. वीज जाते तशी परतही यावी लागते. परतीची वाट म्हणजे अर्थ. ती तुटली किंवा कमकुवत झाली की ब्रेकच्या बल्बमधून गेलेला करंट दुसऱ्या बल्बांच्या तारांतून आडवाटेने घर शोधतो, आणि जे पेटायला नको ते मिणमिणतं. पुष्कळ लोक ट्रेलरला अर्थची वेगळी तार ओढतच नाहीत. हुकचं लोखंड लोखंडाला टेकलंय, तेवढं पुरे, असं धरतात. पण तिथे ग्रीस असतं, गंज असतो, आणि खड्ड्यात सांधा क्षणभर सुटतोही. मी तार ओढली होती, जाडही घेतली होती, फक्त ट्रेलरच्या टोकाला तिची रिंग रंगावरच कसली होती. रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, पुन्हा कसलं, वर ग्रीस लावलं. मग मुलगी म्हणाली, "आता बरोबर." तिच्या आईने आत बोलावलं तेव्हा दोघांच्याही हाताला बोटं आहेत की नाहीत हे कळत नव्हतं.

एका ट्रेलरसाठी इतका खटाटोप? कर्नलसाहेबांच्या चेहऱ्यावर हाच प्रश्न होता. त्याचं उत्तर राजस्थानात आहे.

मी कॅप्टन होतो. बाडमेरच्या बाजूला सराव चालू होता आणि एमटीची, म्हणजे युनिटच्या गाड्यांची, जबाबदारी माझ्याकडे होती. एके संध्याकाळी पाण्याचा रिकामा ट्रेलर दुरुस्तीसाठी मागे पाठवायचा होता. एरवी तो ट्रकमागे लागायचा, पण ट्रक दुसऱ्या कामावर गेले होते. हाताशी एक हलकी गाडी होती. ट्रकची वीज चोवीस व्होल्टची, हलक्या गाडीची बारा. प्लगही वेगळे. एका हुशार पोराने जोडतार बनवली, इकडचा प्लग आणि तिकडचं सॉकेट. दिवे लावून मला बोलावलं. मी मागे जाऊन तळहाताचा आडोसा करून पाहिलं. बल्बच्या आत लालसर काहीतरी दिसत होतं. हवालदार म्हणाला, "थोडी मद्धम है साहब, कल देख लेंगे." मी म्हटलं, जळतेय ना, आणि ड्यूटी स्लिपवर सही केली.

चोवीस व्होल्टच्या बल्बला बारा व्होल्ट दिले की तो विझलेला नसतो आणि पेटलेलाही नसतो. विडीच्या टोकाएवढा उजेड देतो. पंधरा फुटांवरून मला तो दिसला, कारण मी तो शोधत होतो. रात्री आठच्या सुमारास एक दूधवाला मोटरसायकलवर दोन रिकामे कॅन बांधून घरी चालला होता. तो मागून ट्रेलरवर आदळला. जीव वाचला. गुडघा गेला. दोन दिवसांनी मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मनात बरीच वाक्यं तयार करून गेलो होतो. त्यातलं एकही बोलायची वेळ त्याने आणली नाही. तो चिडला नव्हता. तो फक्त म्हणाला की त्याला वाटलं पुढचा रस्ता मोकळा आहे.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली, माझ्या वाट्याला जे यायचं ते आलं, त्याच्या भरपाईचीही कारवाई झाली. कागदावर प्रकरण संपलं. पण "रस्ता मोकळा आहे" हे वाक्य गेली सतरा-अठरा वर्षं मी बरोबर घेऊन फिरतोय. आपण दिवा लावत नाही तेव्हा मागच्याला काहीच सांगत नाही, असं आपल्याला वाटतं. पण अंधाराचाही अर्थ लागतो मागून. पुढे काही नाही, ये बिनधास्त, असा.

हिशोब साधा आहे. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरलं तर पंचवीस मीटर गेले, आणि अजून ब्रेक लागायचाय. चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस-पंचवीस. एकूण पंचेचाळीस-पन्नास मीटर. लो बीममध्ये मातकट, न चमकणारी वस्तू त्याच्या अलीकडेच दिसेल याची खात्री नाही. समोरून कोणी हाय बीम टाकून येत असेल तर मुळीच नाही. आणि इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तर स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसलं तरी लोक देवाचे आभार मानतात.

त्या धुक्यात पहाटे या भागातल्या रस्त्यांवर काय चालत असतं? उसाच्या ट्रॉल्या, पराळीच्या ट्रॉल्या. पराळीची ट्रॉली तर दोन्ही बाजूंनी पोत्यासारखी फुगलेली, अख्खी लेन खाऊन वर शेजारच्या लेनमध्ये. मागे दिवा नाही. पुढे ट्रॅक्टरवर मात्र इतके मोठे स्पीकर की गाणं अर्धा मैल आधी ऐकू येतं. मी खरंच एकदा गाण्यावरून ब्रेक दाबलाय. ज्या बॅटरीवर ते स्पीकर दणदणतात तिच्यावर पाच-पाच वॅटचे दोन टेललाइट कधीच जड झाले नसते. यावर पंजाब्यांना हसायचा अधिकार मला नाही. मी कराडकडचा. आमच्याकडे गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात आणि गाणी तेवढीच मोठी असतात.

या विषयावर बोललं की मला ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं, रिफ्लेक्टर टेप लावली की झालं. टेप जरूर लावा, मीही माझ्या ट्रेलरला लावलीय. पण टेप स्वतः काही बोलत नाही, कुणाचा प्रकाश सरळ तिच्यावर पडला तर परत पाठवते. वरून उसाचं वाढं लोंबलं, चिखल उडाला, की ती मुकी. आणि चांगली चमकत असली तरी तिला ब्रेक दाबता येत नाही, उजवीकडे वळतोय हे सांगता येत नाही. ट्रॉली शेताच्या रस्त्याला उजवीकडे वळते आणि मागचा नेमका त्याच वेळी ओव्हरटेक करतो, त्या क्षणी लागतो तो पिवळा दिवा.

दुसरं उत्तर, गरीब शेतकऱ्याला खर्च कशाला. दोन दिवे, तार, एक प्लग. ट्रॉलीच्या एका टायरच्या किमतीच्या जवळपासही हा खर्च जात नाही. आणि बऱ्याच ट्रॅक्टरना मागे सात पिनांचं सॉकेट कंपनीतूनच येतं. मी मुद्दाम बघतो. झाकण उघडलं की आत माती, कधी गांधीलमाशीचं घर. सॉकेट आहे, त्यात घालायला प्लग नाही. ट्रॉली गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने बनवलेली असते. तो लोखंडाचे पैसे घेतो, विजेचं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

तिसरं उत्तर कोणी तोंडाने देत नाही, पण तेच खरं आहे: मागच्याने बघून चालवावं. आपल्या ट्रकांच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' आणि 'यूज डिपर अॅट नाइट' लिहिलेलं असतं, म्हणजे जे काय करायचं ते मागच्याने. आमच्या पेशात याच्या नेमकं उलट शिकवतात. अकादमीत असताना एका कॅम्पच्या रात्रीच्या मार्चमध्ये मी तुकडीच्या शेवटी होतो, हातात लाल बत्ती. रस्त्यावरून पायी चालणाऱ्या तुकडीच्या शेवटच्या माणसाकडे ती असते. सतरा वर्षांच्या मला तो अपमान वाटला होता, कारण बत्ती सहसा ढिल्या माणसाच्या गळ्यात पडते. आणि लष्करी ट्रकमागे तुम्ही कधी हायवेवर अडकला असाल तर मागच्या दोन चाकांच्या मधे अॅक्सलवर एक पांढरा रंगवलेला गोळा पाहिला असेल. तो डिफरन्शियल. त्याच्या वर आडोशाला एक छोटा बल्ब असतो. काफिला रात्री सगळे दिवे बंद करून चालतो तेव्हा तेवढा एक बल्ब चालू ठेवता येतो. तो आकाशातून दिसत नाही, लांबून दिसत नाही, फक्त मागच्या ड्रायव्हरला पांढरा ठिपका दिसतो. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धापासूनची. शत्रूपासून लपायचं असतानाही मागच्याचा दिवा ठेवायचा, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

मग करायचं काय? दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला रस्त्यावर कार्यक्रम होतो. अधिकारी, पदाधिकारी, हातात लाल टेप, ट्रॉलीपाशी फोटो. वाईट काही नाही त्यात. पण चौकात उभं राहून ट्रॉल्या अडवणं हे सगळ्यात कमी फळ देणारं काम आहे. पोलीस थकतो, रांग लागते, ट्रॉलीवाला दुसऱ्या वाटेने जातो. आमच्याकडे गाडी एमटीच्या गेटमधून बाहेर पडताना गेटवरचा माणूस दिवे बघतो. रस्त्यावर अडवत बसत नाही, कारण गाडीला गेट चुकवता येत नाही. (त्या संध्याकाळी वाळवंटात गेट नव्हतं. गेट मी होतो.) उसाच्या ट्रॉलीलाही एक गेट चुकवता येत नाही, ते कारखान्याचं. प्रत्येक ट्रॉली काट्यावर येते, प्रत्येकीची नोंद होते, कुठली कोणाची हे कारखान्याला पाठ असतं. भरून आलेली काट्यावर, रिकामी झालेली पुन्हा काट्यावर. तिथे वजनाची पावती देणाऱ्याने खिडकीतून एकदा मागे बघावं. दिवा नाही तर पावती थांबेल एवढंच. पंजाबात धानाच्या वेळी हेच काम मंडीच्या फाटकावर होऊ शकतं. पराळीला असं फाटक नाही, हे मला मान्य आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

हे सगळं मी फोनवर माझ्या चुलतभावाला ऐकवलं. तो गावी ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या चालवतो, ऊस वाहतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "दादा, तुझं सगळं बराबर हाय. पण फडातनं भायेर येस्तवर वायर राहती का ते बी सांग. मागल्या साली लावली हुती. तिसऱ्या खेपंला उसानं वढून न्हेली. आन् रस्त्यावर ट्रॉली बंद पडली तर रातीचं दगडं लावून मीच बसतो मागं, बॅटरी घिऊन. मला काय हौस हाय व्हय?"

त्याचं खरं होतं. मी आतापर्यंत क्वार्टरच्या अंगणात, सतरंजीवर पडून वायरिंग करणाऱ्या माणसासारखं बोलत होतो. फडात ट्रॉली सरीतून, बांधावरून जाते. ऊस भरताना मोळ्या अंगावर पडतात, कारखान्यात उतरवताना ऊस मागून ओढला जातो. पक्की बसवलेली तार आणि दिवा तिथे टिकणं कठीण. आणि दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत जायचं तर तार पहिलीच्या खालून न्यायची, सांध्याला वळायला पुरेशी ढील द्यायची, पण इतकी नाही की जमिनीला घासेल.

मग आम्ही दोघांनी फोनवरच दुसरा मार्ग काढला. बोटींच्या ट्रेलरना करतात तसा. बोट पाण्यात उतरवताना ट्रेलरचे दिवे बुडतात, तापलेला बल्ब थंड पाण्यात फुटतो, म्हणून ते लोक दिवे ट्रेलरवर कायमचे बसवतच नाहीत. एका आडव्या फळीवर दोन टेललाइट, दोन इंडिकेटर, नंबरप्लेट, आणि लांब केबल. फळी मागे अडकवायची, केबल पुढे आणून प्लग लावायचा. पाण्याशी पोचलं की काढून गाडीत ठेवायची. भावाला हे पटलं. फडात ट्रॉली भरेपर्यंत फळी ट्रॅक्टरच्या सीटमागे, डांबरी रस्त्याला लागलं की दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे दोन आकड्यांना अडकवायची. केबल उसाखालून न नेता फाळक्याच्या कडेने वरून आणायची. ट्रॅक्टर बारा व्होल्टचा, दिवेही बारा व्होल्टचेच घे, ट्रकचे उचलू नकोस, हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आरं कळलं की."

मला वाटतं, कारखान्यांनी हेच करावं. ट्रॉली ज्याची त्याची असू दे, फळी कारखान्याची असू दे. हंगामाच्या सुरुवातीला वाहतुकीचा करार होतो तेव्हा हातात द्यायची, शेवटी परत घ्यायची, मोडली तर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नीट करायची. त्या वर्कशॉपमध्ये मोठमोठ्या मोटारी गुंडाळणारे इलेक्ट्रिशियन बसलेले असतात. त्यांना हे संध्याकाळच्या चहाआधीचं काम.

काल रात्री भावाचा व्हिडिओ आला. अंधारात दोन ट्रॉल्या, वरपर्यंत ऊस, मागे लाकडी फळी. उजवा टेललाइट ठणठणीत. उजवा इंडिकेटर लुकलुकतोय. डाव्या बाजूला सगळंच मंद, आणि ब्रेक मारला की पिवळा मिणमिणतो. मी फोन लावला. डाव्या दिव्याच्या अर्थची तार कुठे लावलीस? म्हणाला, फळीच्या बोल्टला. फळी लाकडाची. बोल्टाला उजव्या दिव्याची पट्टी जेमतेम टेकत होती, तेवढ्यावर डावा जीव धरून होता. मी म्हटलं, ती तार सरळ केबलच्या पांढऱ्या तारेला जोड.

"आता लायनीत लागायचंय दादा, उद्या बघतो."

मी काही बोललो नाही. पलीकडे थोडा वेळ नुसतं ट्रॅक्टरचं इंजिन ऐकू येत होतं. मग तो कुणालातरी म्हणाला, पक्कड आण रं. दहा मिनिटांनी दुसरा व्हिडिओ आला. त्यात दोन्ही बाजू सारख्या होत्या.